बाग रस्त्याच्या खाली हवी

पावसाळ्यात आमच्या घरामागच्या बागेच्या फाटकाशी घोटाभर पाणी साचते. बागेतली हिरवळ मात्र नुसती ओली असते. कारण शोधायला मी एकदा भर पावसात छत्री घेऊन तिथे उभा राहिलो. बाग रस्त्याहून वीतभर उंच, भोवती सिमेंटची कड, आत पेव्हर ब्लॉकची वाट. रस्त्याचे पाणी आत जाणे दूरच, बागेचेच पाणी रस्त्यावर येत होते.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की पाच लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे 50 टँकर. जमीन शेताची असेल तर काही पाणी मुरते, उरलेले सावकाश ओढ्याला लागते. तिच्यावर पत्र्याच्या शेड, डांबर आणि काँक्रीट आले की जवळजवळ सगळे काही मिनिटांत गटाराच्या तोंडाशी येते. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970 साली आणि महानगरपालिका 1982 साली झाली. शेतांचे शहर होताना हेच घडत गेले. चाकणला ते आज घडते आहे.

मात्र दोन पुरांची गल्लत करू नये. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पवनेचे पाणी शिरते, तो नदीचा पूर. मावळातल्या पावसाचा आणि धरणाच्या विसर्गाचा. तो कोणतीही बाग थोपवू शकत नाही. तिथे उपाय नदीची जागा नदीला ठेवण्याचा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले 36 बंगले मे 2025 मध्ये पाडले गेले. अशा जागी बाग शोभते. बाकांवर दोन दिवस पाणी चढले तरी कुणाचा संसार वाहून जात नाही.

दुसरा पूर शहरातच पडलेल्या पावसाचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने तो दाखवला, माणसे गेली. इथे बाग खरी कामाची. बँकॉकमध्ये 2017 साली झालेले चुलालाँगकोर्न शताब्दी उद्यान मुद्दाम उतरते बांधले आहे; ते सुमारे 38 लाख लिटर पाणी धरू शकते.

आपल्याकडे एवढा थाट नको. एक हेक्टर बागेचा चौथा हिस्सा फूटभर खोल केला तर साडेसात लाख लिटर मावतात. आपल्या मुरमाखाली काळा पाषाण आहे, म्हणून सगळे जिरेल ही आशा नको. पाणी काही तास अडवून मग लहान नळाने गटारात सोडायचे, एवढेच बागेचे काम. दोन दिवसांत खड्डा कोरडा व्हावा, नाहीतर डासांची पैदास. कारखान्यांच्या आवारातले तेलकट पाणी मात्र आत घेऊ नये. ते विहिरींपर्यंत पोहोचेल.

हे मी आमच्या माळीकाकांना सांगितले. ते म्हणाले, “कड दोन जागी फोडली की पाणी येईल साहेब. पण मागून चिखल येणार, तो कोण काढणार?”

इतक्या वाचनात मला हा प्रश्न पडला नव्हता. बाग बांधायला निधी मिळतो. दर पावसानंतर गाळ उपसायला माणूस आणि मजुरी लागते. ती तरतूद आधी व्हावी, कड मग फोडावी.