ड्रॅग रेसमध्ये गट आणि सवलत कशी ठरते?

राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. शर्यतीची खरी जागा म्हणजे बंदिस्त धावपट्टी. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.

या शर्यतीत दोन गाड्या थांबलेल्या अवस्थेतून सुटतात आणि सहसा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ धावतात. बरोबरीचा सामना व्हावा म्हणून आधी गट पाडतात. मोटरसायकलींमध्ये इंजिनाची सीसी, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, कंपनीतून आली तशी की फेरफार केलेली, हे पाहतात.

हौशी चालकांसाठी अमेरिकेत रुळलेली दुसरी पद्धत म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. प्रत्येक चालक आपला अपेक्षित वेळ आधीच जाहीर करतो. एकाचा १२ सेकंद, दुसऱ्याचा १५ असेल, तर दुसऱ्याला हिरवा दिवा ३ सेकंद आधी मिळतो. मुद्दाम जास्त वेळ सांगून फायदा उपटता येत नाही; जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा बाद होतो. दोघेही लवकर पोहोचले, तर ज्याचा फरक कमी तो जिंकतो. दिव्याआधी सुटणाराही हरतो.

म्हणूनच इथे साधी गाडी नेमक्या हाताच्या जोरावर महागड्या गाडीला हरवू शकते. हौशी खेळाला असाच न्याय हवा.