पहिल्या सेशनला नेमकं काय होतं?
समुपदेशनाला पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला कोच असतो. प्रत्यक्षात असतात दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा. आधी फॉर्म भरायचा: वय, झोप, भूक, चालू औषधं, घरात कोण कोण.

मग साधा प्रश्न येतो, "आज यावंसं का वाटलं?" इथे अनेकांची जीभ अडखळते. कुणी ऑफिसच्या कटकटीपासून सुरुवात करतं आणि वडिलांच्या आठवणीने रडू लागतं. खुशाल रडावं, तिथे त्याचं कुणाला नवल नसतं. पाऊण-एक तास संपतो तेव्हा हातात उपाय नसतो. पहिली भेट ओळखीचीच.

मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात; गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद. याबद्दल, आणि फीबद्दलही, न लाजता विचारावं. सूर जुळला नाही तर तज्ज्ञ बदलता येतो, त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही.

दारापर्यंत जाणंच जड वाटत असेल, तर केंद्र सरकारची 'टेलि मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.