शेतातला चुना: कुठे तारतो, कुठे मारतो

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात काठची गाळाची जमीन गेली आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला उतारावरची मुरमाड शेती आली. अशा जमिनीत पीक पिवळे पडले की चुना टाकावा का? कोकणात जे चालते ते सातपुड्यात चालेलच असे नाही.

गैरसमज: चुना हे खतच आहे, टाकला तर फायदाच होतो.
वस्तुस्थिती: चुन्यातून कॅल्शियम मिळते, पण त्याचे मुख्य काम आम्लता मोडण्याचे. मातीचा सामू (pH) साधारण 5.5 च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते, स्फुरद अडकून पडतो, कडधान्यांच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत म्हणूनच चुन्याचा गुण येतो.

गैरसमज: डोंगरात पाऊस जास्त, म्हणजे माती आम्लच.
वस्तुस्थिती: पावसाने कॅल्शियम धुऊन जाते हे खरे. पण इथला काळा बेसाल्ट झिजताना ते पुन्हा पुरवतो. त्यामुळे या भागातली माती बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. तळोद्याच्या सपाटीवर, जिथे धरणग्रस्तांच्या वसाहती झाल्या, तिथल्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच असू शकते. उतारावरचे खरे दुखणे धुपीचे. तिथे बांधबंदिस्ती आणि शेणखत आधी.

गैरसमज: चुन्याने पिवळेपणा जातो.
वस्तुस्थिती: चुनखडीच्या जमिनीत नेमके उलटे होते. भुईमुगाची कोवळी पाने निरखून पाहा: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असते, पण मुळांना मिळत नाही. वरून चुना टाकला तर ते आणखी अडकते. तिथे हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी कामी येते.

गैरसमज: जिप्सम काय, चुना काय, एकच.
वस्तुस्थिती: जिप्सममध्येही कॅल्शियम असते, पण त्याने आम्लता जात नाही. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीसाठी.

गैरसमज: कुरणावर चुना पसरला की गवत माजते.
वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला 1856 पासून कुरणाचा प्रयोग चालू आहे. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेले वाफे आम्ल झाले आणि तिथे मोजक्याच वनस्पती तगल्या. चुना दिलेल्या भागांत त्यांची विविधता जास्त राहिली. म्हणजे गुण आला तो आम्ल मातीत. सातपुड्याच्या उतारावर पवन्या-मारवेल या गवतांना आधी चराईपासून उसंत हवी.

निर्णय माती परीक्षणावर घ्यावा. शेतात पाच-सहा ठिकाणी सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करावी. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू लिहिलेला असतो. तो 6.5 ते 7.5 असेल, तर चुन्याचे पैसे शेणखताला लावावेत. आम्ल निघाला, तर चुन्याची मात्रा प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, कारण तेवढाच सामू वाढवायला चिकण मातीला वाळूसर मातीपेक्षा जास्त चुना लागतो. आणि चुना व युरिया एकाच वेळी देऊ नयेत. नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते.