जूचंद्रच्या पोरांची हद्द

आमच्या लहानपणी वसईजवळच्या जूचंद्रला पोरांनी घरी कधी यायचं हे घड्याळ ठरवत नसे. एक वेळ दिवेलागणीची, ती सगळ्या आळीला सारखी. दुसरी भरतीची, आणि ती रोज बदलायची. गावाला चंडिका देवीचा डोंगर, भातशेती, मग खाजण, मिठागरं आणि पुढे खाडी. खाडीकडे जायला बंदी नव्हती. आज भरती किती वाजता हे ज्या पोराला सांगता येत नसे, त्याला बंदी होती.

ते काढायची रीत आजीने शिकवली. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येतील तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमाराला. भरती दिवसातून दोनदा, म्हणून अष्टमीला सकाळीही सहा आणि संध्याकाळीही सहा. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, त्यावर हे गणित उभं आहे. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्या-आगऱ्यांच्या घरांत ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आम्हांला त्याचा अर्थ एवढाच की अष्टमीला शाळा सुटल्यावर खाजणाकडे फिरकायचं नाही, आणि पुनवेच्या संध्याकाळी ओहोटी असते तेव्हा निवट्या धरायला मोकळीक.

निवटी ही मासळी चिखलावरून उड्या मारत पळते आणि बिळात शिरते. मग कोपरापर्यंत हात घालावा लागतो. निवटीचं बीळ कोणतं नि चिंबोरीचं कोणतं हे ओळखता येईपर्यंत थोरल्या पोरांच्या मागेच राहायचं, असा नियम होता. बांधातल्या उघाडीपाशी पोहायचं नाही, कारण खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेल्या त्या दारापाशी पाणी ओढ घेतं. मिठागरावर मीठ पडायला लागलं की वाफ्यात पाय टाकायचा नाही, बांधावरूनच चालायचं. माझा बापूस मिठागरावर कामाला, त्यामुळे हा नियम आमच्या घरात सगळ्यांत कडक. रुळांवरून चालायचं नाही. मालगाडी थांबलेली असली तरी तिच्याखालून जायचं नाही.

बंदी म्हटली की आपल्याला वेळ आठवते: सातच्या आत घरात. मुलाला मोकळं सोडायचं असेल तर आधी त्याला काय काय शिकवावं लागतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. आमच्या घरची माणसं शिकलेली नव्हती, पण प्रत्येक नियमामागे पाण्याची, चिखलाची किंवा रुळाची माहिती होती, आणि ती माहिती आली की हद्द वाढायची. सातवीत मी एकटी उघाडीपर्यंत जात होते, चौथीत नव्हते. मधल्या तीन वर्षांत मला कुणी मुद्दाम शिकवायला बसलं नाही. मी बघत गेले, चुलत भावंडांच्या मागून फिरले आणि दोन-चारदा आजीच्या शिव्या खाल्ल्या.

दुसरी गोष्ट माणसांची. ओटा होता तोवर संध्याकाळी ओट्यावर माणूस होतं. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी जाळं विणतंय. अनोळखी आळीत शिरलं की पहिला प्रश्न, "कोणाची गो तू?" बापाचं नाव सांगितलं की पुढे जायची परवानगी, आणि तू इथे दिसलीस ही बातमी तुझ्या आधी घरी. तेव्हा त्या प्रश्नाचा राग यायचा. पण आईने मला कधी शोधायला जावं लागलं नाही, ते या ओट्यांमुळेच.

माझा आजा दहाव्या वर्षी गुरं घेऊन कामणच्या डोंगरापर्यंत एकटा जायचा. वसई-दिवा रेल्वेमार्गावर आज कामण हे जूचंद्रच्या पुढचं स्टेशन आहे. बापूस त्या वयात नायगावपर्यंत चालत जाऊन गाडीने वसईचा बाजार करून यायचा. माझी हद्द इकडे डोंगराच्या माथ्यावरचं देऊळ, तिकडे खाडीचा बांध. माझ्या मुलीची हद्द दहाव्या वर्षी इमारतीच्या फाटकाशी संपत होती. इंग्लंडात शेफील्डच्या एका कुटुंबाची अशीच चार पिढ्यांची कहाणी 2007 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात आली होती. पणजोबा आठव्या वर्षी सहा मैल चालत मासे धरायला जात. पणतूला त्याच वयात तीनशे यार्डांपलीकडे एकट्याने जायची मुभा नव्हती. मिठागरातल्या आणि पोलादाच्या शेफील्डमधल्या पोरांची हद्द सारखीच आकसली, म्हणजे हा फक्त आमच्या गावाचा प्रश्न नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण जुन्या काळाचं कौतुक करताना ते हमखास सुटतं. मी मोठी झाले त्या वर्षी माझी दिवेलागण पुढे सरकायच्या ऐवजी मागे आली, आणि माझ्या दादूसची रात्री दहापर्यंत गेली. खाजण बंद, डोंगर फक्त बायकांबरोबर. भरतीचं गणित मला त्याच्यापेक्षा चांगलं येत होतं, पण इथे ते कुणी विचारलंच नाही. या बंदीमागे माहिती नव्हती, लोक काय म्हणतील एवढंच होतं, आणि ती मला आजही मान्य नाही. त्यातून वाट काढून दिली रांगोळीने. जूचंद्र रांगोळीच्या कलाकारांसाठी ओळखलं जातं. दिवाळीच्या आधी व्यक्तिचित्रांचा सराव चालायचा, तो रात्री उशिरापर्यंत. नाकाची सावली जमेपर्यंत चिमटीतून रंग सोडत बसायचं आणि मग चार-पाच जणींनी मिळून अंधारातून घरी यायचं. रांगोळीला गेलीय म्हटलं की आयस काही बोलायची नाही. गावातली रात्र मी पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा.

2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि जूचंद्र शहरात आलं. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. नायगाव पूर्वेला इमारती उठल्या, माणसं आली, आणि त्यात वाईट काही नाही. मुंबईत घर न परवडणाऱ्यांना कुठेतरी राहायचंच असतं. पण नायगाव स्टेशनपासून महामार्गावरच्या बापाण्यापर्यंतची सगळी वाहतूक गावाच्या अंगावरून जाऊ लागली. रिक्षा, डंपर, टँकर. पदपथ कुठे आहे, कुठे नाही, आणि आहे तिथे त्याच्यावर गाड्या उभ्या. आम्ही ज्या वाटेने देवळाच्या पायथ्याला जायचो, ती आता आठ वर्षांच्या मुलाला ओलांडता येण्यासारखी राहिलेली नाही.

पालकांना विचारलं तर ते रस्त्याचं नाव आधी घेत नाहीत. "पोरं पळवतात" हे आधी येतं. दर थोड्या महिन्यांनी मोबाइलवर तोच संदेश फिरतो, फक्त गावाचं नाव बदलून. या अफवेने माणसं मारली आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हाही चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या भागात अनेक दिवस फिरत होत्या.

मुलं हरवत नाहीत, त्यांच्यावर अत्याचार होत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचा. त्याच्यापासून बंद दार वाचवत नाही. आणि रस्त्यावर 2022 या एका वर्षात देशभरात नऊ हजारांहून अधिक मुलं गेली. आपण भितो अनोळखी माणसाला आणि मुलाला बसवतो त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या, कोंबून भरलेल्या रिक्षात.

इंग्लंडात संशोधक मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचं एकट्याने फिरणं किती कमी झालं हे मोजलं होतं. 1971 मध्ये तिथली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. 1990 मध्ये फक्त 9 टक्के. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि रस्ते सुरक्षित झाल्याची शाबासकी सरकारने घेतली. हिलमन यांचं म्हणणं साधं होतं: रस्ते सुधारले नाहीत, त्यांच्यावरून मुलं उठवली गेली.

आपला कायदा तर मूल चालतं असं धरूनच लिहिलेला आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. सहा वर्षांचं मूल किलोमीटरभर चालेल हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं, पण त्या किलोमीटरवर पदपथ असलाच पाहिजे असं कुणी लिहिलं नाही. मोठ्या भूखंडावर इमारती बांधताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कागदावर सोडलेली असते. प्रत्यक्षात तिथे किती ठिकाणी चेंडू खेळू देतात आणि किती ठिकाणी "खेळण्यास मनाई" अशी पाटी असते, हे आपापल्या आवारात बघून यावं.

घरी यायची वेळ मात्र हवी, आणि ती सगळ्यांची एक हवी, असं माझं ठाम मत आहे. आइसलँडमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री 8 नंतर आणि तेरा ते सोळाच्यांनी 10 नंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहू नये असा कायदाच आहे. उन्हाळ्यात दोन तास जास्त. त्या जोडीला आईबाप पाळीपाळीने संध्याकाळी रस्त्यावर फेरी मारतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी 7 चा भोंगा सुरू केला: दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचा अभ्यास. तो भोंगा पडद्यासाठी आहे, हिंडण्यासाठी नाही. पण वेळ अख्ख्या गावाची झाली, की "त्याला चालतं, मग मला का नाही?" हा रोजचा झगडा संपतो. आमच्या दिवेलागणीत तेच होतं.

आमच्या तीन इमारतींतल्या पालकांनी मिळून एक वेळ ठरवली आहे: शाळा असताना संध्याकाळी सव्वासात, सुट्टीत आठ. मुलगा असो वा मुलगी, वेळ तीच. यावर एका घरात भांडण झालं, तरी ती बदलली नाही. सहा ते आठ या वेळात आळीपाळीने दोन मोठी माणसं खाली खुर्ची टाकून बसतात. मुलांवर पहारा नाही. मुलं कुठे आहेत ते त्यांना माहीत असतं, एवढंच. किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि शाळेचं मैदान एकट्याने. देवळाचा पायथा तिघांनी मिळून, कारण मध्ये तो रस्ता आहे. तिथे उंचवटा आणि पट्टे मारून द्यावेत असा अर्ज आम्ही सह्यांनिशी दिला आहे, आणि सह्या करणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची पोरंही आहेत. खाडीकडे मात्र अजून मी बरोबर जाते. मुलीला तिथी कॅलेंडरवर बघावी लागते, पाऊणपट तोंडी येते, पण उघाडीपाशी पाणी कसं ओढतं हे तिने अजून पुरेसं पाहिलेलं नाही. या पावसाळ्यात दाखवायचं आहे.