पिकांच्या रखवालीस कोणती रायफल घ्यावी ?

रानडुकरें व रोही यांच्या उपद्रवामुळें ज्या गांवीं भुईमूग, मका व तूर हातीं लागणें कठीण झालें आहे, तेथील पुष्कळ जमीनदार आतां बंदुकीचा विचार करूं लागले आहेत. बंदूक म्हटली कीं बोल्टची रायफल डोळ्यांपुढें येते, आणि मग माऊझर चांगली कीं ली-एन्फील्ड चांगली, हा वाद चावडीवर रंगतो. आमच्या मतें हा वाद दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी कायद्याची व स्वतःच्या शिवाराची.

शिकारीचा शोक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झाला. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें, उभ्या पिकास अपायकारक झालेलें रानडुकरासारखें जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी देऊं शकतो. तो कागद हातीं नसतां झाडलेली गोळी, मग ती आपल्याच बांधाच्या आंत कां असेना, गुन्हा होय. हत्याराचा परवाना ही निराळी गोष्ट. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत पीकरक्षणासाठीं प्रथम ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. रायफलीसाठीं याहून सबळ कारण दाखवावें लागतें. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदारास तीनांऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येतात. त्यांतील एक जागा रायफलीस द्यावयाची कीं नाहीं, हा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

हा क्रम म्हणजे निव्वळ सरकारी अडवणूक, असें आम्हांस वाटत नाहीं. छर्रे कांहींशें वारांत गळून पडतात. रायफलीची गोळी चुकली तर दोन मैलांपलीकडेही जीव घेऊं शकते. आपल्या शेतापासून दोन मैलांच्या आंत किती वस्त्या, किती गोठे आणि रात्रीं पाण्याच्या पाळीवर गेलेले किती शेजारी असतात, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्यांतून आपली जमीन खडकाळ. दगडावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेस उडेल याचा नेम नाहीं. म्हणून ज्याचें शेत सपाट व वस्तीनें वेढलेलें आहे, त्यानें रायफलीच्या नादीं लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास मागें डोंगराचा चढ किंवा मातीचा उंच ताल आहे, किंवा जो माचाणावरून खालीं नेम धरून गोळी जमिनींत पुरूं शकतो, त्याच्यासाठीं पुढील मजकूर आहे.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा पुढें सरकवून व फिरवून बसविण्याचा अडसर. त्यास जे कान असतात ते चौकटीच्या खांचेंत अडकले म्हणजे दारूचा मागें येणारा धक्का तोलून धरतात. हे कान कोठें आहेत, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पॉल माऊझर यांच्या १८९८ च्या नमुन्यांत दोन कान बोल्टच्या पुढच्या टोकास, अगदीं काडतुसाच्या पाठीशीं असतात. शिवाय एक तिसरा कान मागें, पुढचे दोन दगा देतील तर उपयोगी पडावा म्हणून. दुसरा गुण त्याच्या आंकडीचा. काडतूस पेटींतून वर सरकतांच ही रुंद आंकडी त्याच्या बुडाची कड पकडते आणि तें बाहेर फेकलें जाईपर्यंत सोडीत नाहीं. अंधारांत हात घाबरून अर्ध्यांतच मागें आला तरी काडतूस बोल्टबरोबर मागें येतें. ज्या रायफलींत आंकडी शेवटीं पकड घेते, त्यांत तें नळींतच राहतें, त्याच्या पाठीवर दुसरें येऊन आदळतें आणि रायफल ऐन वेळीं अडकते. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीनें आपल्या १९३६ च्या मॉडेल ७० मध्यें माऊझरसारखी आंकडी ठेविली होती. १९६४ सालीं ती काढून टाकली तेव्हां शिकारी इतके नाराज झाले कीं पुढें ती पुन्हां आणावी लागली. जिम कॉर्बेट यांस चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल जी रायफल बक्षीस मिळाली, ती रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची, म्हणजे माऊझरच्याच बोल्टवर बांधलेली होती.

मात्र माऊझर हें नांव पाहून फसूं नये. १८९३ व १८९५ च्या नमुन्यांस तो तिसरा कान नाहीं. जोरदार काडतुसास ते योग्य नव्हेत.

जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेंत कान मागील बाजूस आहेत. दांडी थोडी उचलली कीं पुरे होतें, आणि बोल्ट लोण्यासारखा चालतो. दुसरी गोळी झाडण्यास इतकी चपळ बोल्टची रायफल क्वचितच. उणीव अशी कीं धक्क्यासरशीं बोल्ट किंचित् दबतो व काडतुसाचें कवच ताणलें जातें. बेताच्या दाबाच्या काडतुसांस ही रचना पुरी पडते, फार जोरदारांस नाहीं.

यंत्र म्हणून आम्ही १८९८ च्या माऊझरसच अधिक गुण देऊं. तरीही आमच्याकडील शेतकऱ्यानें घ्यावी ती ली धर्तीची .३१५, असा आमचा सल्ला आहे. कारण काडतुसांचें. लष्करी .३०३ बोअर खासगी परवानेदारास निषिद्ध आहे. .३१५ चें काडतूस मूळचें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचें, ८ मिलिमीटरचें; तें चालविणारी रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें बनविली, आणि काडतुसें आमच्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यानें. गोळी २४४ ग्रेन, जड व मंद. शंभर वारांच्या आंत डुकरास ती हवी तितकी भारी आहे. उलट आजोबांच्या काळची उत्तम विलायती माऊझर घरीं असली, पण तिचीं काडतुसें वर्षांत दहाही मिळत नसलीं, तर सराव कशावर करावयाचा ? सरावाशिवाय झाडलेली गोळी जनावर जखमी करून सोडते, आणि जखमी डुकराची गांठ सकाळीं खुरपणीस आलेल्या बायकांशीं पडते.

काडतूस मऊ टोंकाचें घ्यावें. तें अंगांत पसरून बहुधा तेथेंच थांबतें. कठीण टोंकाची गोळी आरपार जाऊन मागें जें असेल त्यास लागते. .३१५ च्या काडतुसास बुडाशीं बाहेर आलेली कड असते. पेटी भरतांना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढें राहील असें पाहावें. मागें राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात.

हाताळलेली रायफल घेतांना बोल्टवरचा आंकडा व चौकटीवरचा आंकडा एकच आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. लीच्या रायफलींत बोल्ट ज्या त्या चौकटीस बेतलेला असतो; दुसरीचा बसविला तर काडतुसामागें फट राहून कवच फुटण्याचा संभव असतो. ही फट मापावयाची खास मापें कसबी बंदूक-कारागिराजवळ असतात. त्याच्याकडून तपासल्यावांचून पैसे मोजूं नयेत. नंतर नळी उजेडाकडे धरून आंतील आटे पाहावे. काडतुसाच्या घराला लागून असलेला भाग आधीं झिजतो, तोंडाकडचा चकचकीतपणा फसवा असतो. कुंदा खांद्यास लावून डोळे मिटावे व उघडावे. मान न हलवितां माशी खांचेंत दिसली तर रायफल आपल्या अंगाची.

जुन्या पद्धतीच्या टोप्यांच्या काडतुसांनीं नळींत क्षार राहतो, व तो तेलानें जात नाहीं. त्याच रात्रीं नळींतून कढत पाणी घालावें, कोरडी चिंधी फिरवावी, आणि मग तेल द्यावें. पावसाळ्यांत रायफल कातडी म्यानांत ठेवूं नये. कातडें ओल धरतें आणि आठवड्याभरांत नळीवर तांबेरा चढतो.