विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा लागला… दोष सेन्सरचा की वायरिंगचा?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर एक कोड येतो आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव असते तो सेन्सर बदलला जातो. बिल काही हजारांचे होते. चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, कारण बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. तो तुटलेल्या वायरमध्ये, गंजलेल्या कपलरमध्ये किंवा सैल अर्थिंगमध्ये होता. स्कॅनरवरील कोडचा नेमका अर्थ काय, सेन्सर आणि वायरिंग यांतील दोष वेगळा कसा ओळखायचा आणि गाडीमालकाने गॅरेजमध्ये काय विचारायचे, याविषयी…

हा दिवा नेमका कशासाठी असतो?

आजच्या गाडीत इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्यासाठी तो क्रँकशाफ्टची स्थिती, कूलंटचे तापमान, आत येणारी हवा, थ्रॉटलची उघडझाप, धुरातील ऑक्सिजन अशा अनेक सेन्सरकडून सतत माहिती घेतो. ही माहिती अशक्य किंवा विसंगत वाटली की तो कोड साठवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ‘ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स’ म्हणजे ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ बंधनकारक झाले. भारतात बीएस-४च्या काळात, २०१३ पासून ते लागू झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आल्यावर ही देखरेख आणखी काटेकोर झाली. म्हणजेच या दिव्याचा मूळ हेतू प्रदूषण रोखणे हा आहे.

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र तो लुकलुकत असेल तर इंजिन गंभीर ‘मिसफायर’ करत आहे असे समजावे. अशा वेळी न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तो बेसुमार तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो. हा भाग महाग असतो. त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडून गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवणेच शहाणपणाचे. तेलाच्या दाबाचा किंवा अतितापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तो इशारा वेगळा आहे.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही?

कोडची रचना जगभर सारखी आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चॅसी आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधील संपर्कजाळे. ‘पी’नंतर शून्य असेल तर तो बहुतेक वेळा सर्व कंपन्यांना समान असलेला कोड असतो, ‘पी १’ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात.

‘पी ०३३५’ या कोडचा अर्थ ‘क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष’ असा आहे. येथे ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. सर्किटमध्ये सेन्सर, त्याचा कपलर, ईसीएमपर्यंतच्या वायर, अर्थिंग आणि ईसीएमची पिन हे सारे येते. कोड पत्ता सांगतो तो गल्लीचा. घर शोधण्याचे काम मेकॅनिकचे. ‘सर्किट हाय’ किंवा ‘सर्किट लो’ असे लिहिलेले असेल तर ते व्होल्टेजबद्दल असते. म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी दाबाची वीज ईसीएमला दिसत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कधी कधी तर सेन्सर खरे सांगत असतो आणि शिक्षा त्यालाच होते. ‘पी ०१७१’ हा कोड इंधनाच्या प्रमाणात हवा जास्त असल्याचे सांगतो. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून तो बदलला जातो. प्रत्यक्षात फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब हे कारण असू शकते.

तापमानाच्या सेन्सरवरून दोष कसा ओळखतात?

सर्वांत सोपे उदाहरण कूलंटच्या तापमान सेन्सरचे. यात दोन वायर असतात. ईसीएम एका वायरवर ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थिंगला जाते. सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त असतो, म्हणजे साधारण २० अंशांना दोन-तीन हजार ओहम. इंजिन तापले की तो दोन-तीनशे ओहमपर्यंत उतरतो. या बदलामुळे वायरवरील व्होल्टेज बदलते आणि त्यावरून ईसीएम तापमान ठरवतो.

आता वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि व्होल्टेज पूर्ण ५ राहते. ईसीएमचा समज होतो की इंजिन उणे ४० अंशांवर गोठले आहे! नाशिक किंवा नागपूरच्या मे महिन्यात स्कॅनरवर उणे ४० दिसले तर सेन्सरचे सर्किट कुठेतरी उघडे आहे हे नक्की. अशा वेळी ‘पी ०११८’ हा कोड येतो. इंधन जास्त जाते, ॲव्हरेज घसरते, अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहतो.

तपासणी अशी : इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढायचा, कपलरमधील दोन टोके छोट्या वायरने जोडायची आणि इग्निशन लावून स्कॅनर पाहायचा. वाचन उणे ४० वरून उसळून १२० अंशांच्या पुढे गेले तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या टोकांचा. वाचन हललेच नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे आणि नवा सेन्सर बसवून काही होणार नाही.

उलट ‘पी ०११७’ म्हणजे ‘सर्किट लो’ आले आणि थंड इंजिन कमालीचे तापलेले दिसू लागले तर नुसता कपलर काढायचा. वाचन उणे ४० वर गेले तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. तसेच राहिले तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. मात्र ही टोके जोडण्याची पद्धत फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन वायरच्या सेन्सरवर ती वापरू नये. शिवाय काही गाड्यांत दोष आढळताच ईसीएम स्वतःचे ठरावीक तापमान दाखवू लागतो. अशा वेळी मल्टिमीटरने व्होल्टेजच मोजावे लागते.

वायरिंग बिघडते कशामुळे?

आपल्याकडे पहिला संशयित उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे उबदार बॉनेट त्यांना घरटे करण्यासाठी सोयीचे वाटते आणि वायरचे आवरण कुरतडले जाते. दुसरा संशयित पाणी. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली किंवा सर्व्हिसिंगमध्ये इंजिनावर जोराचा फवारा मारला की कपलरच्या रबरी सीलमधून ओल आत जाते. तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड जमते आणि संपर्क कमजोर होतो. किनारपट्टीवर खारी हवा त्यात भर घालते.

तिसरे कारण मानवनिर्मित आहे. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, रिमोट लॉक, जीपीएस बसवताना कंपनीची वायर सोलून त्यात जोड मारला जातो आणि वर चिकटपट्टी गुंडाळली जाते. असा जोड वर्ष-दोन वर्षांत गंजतो. त्यामुळे वॉरंटीवरही वाद होऊ शकतो. याशिवाय सायलेन्सरजवळची उष्णता, इंजिनाचा कंप, तुटलेली क्लिप आणि एखाद्या कडेवर घासणारी वायर ही नेहमीची कारणे. अपघाताच्या दुरुस्तीनंतर अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसला गेला असेल तर तेथेही संपर्क नीट होत नाही.

तपासणीचा योग्य क्रम कोणता?

सुरुवात बॅटरीपासून. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतके पडते की ईसीएम भलतेच कोड साठवू शकतो.

त्यानंतर सर्व कोड आणि ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून किंवा फोटो काढून ठेवायची. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, तापमान, इंजिनाचे फेरे किती होते हे त्यात असते. अनेकदा येथेच घाई होते. कोड पुसले जातात, बॅटरीची वायर काढली जाते आणि पुरावाच नाहीसा होतो. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लावतात. म्हणून कोड पुसून दिवा गेला याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नाही.

तिसरी पायरी डोळ्यांची. हार्नेस हाताने चाचपून पाहणे, कपलर उघडून वाकलेली पिन, ओल, गंज शोधणे. चौथी पायरी मोजमापाची. तीन वायरच्या सेन्सरवर वीजपुरवठा, सहसा ५ व्होल्ट, येतो का, अर्थिंग ठीक आहे का आणि सिग्नल बदलतो का हे तीन प्रश्न विचारायचे. पहिल्या दोघांपैकी एकाचे उत्तर ‘नाही’ असेल तर सेन्सरला दोष देता येत नाही.

अर्थिंगसाठी ‘व्होल्टेज ड्रॉप’ मोजणे सर्वांत भरवशाचे. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून सेन्सरच्या अर्थ वायरपर्यंत मोजले तर साधारण ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. शेवटी इंजिन चालू असताना स्कॅनरवर त्या सेन्सरचा आलेख ठेवून हार्नेस हळूहळू हलवायचा. जेथे हात लागताच आलेख उडी मारतो, तेथेच तुटकी वायर किंवा सैल पिन सापडते.

एकदम पाच-सहा कोड आले तर?

पाच-सहा सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. अशा वेळी त्यांच्यात समान काय आहे ते शोधावे लागते : एकच फ्यूज, एकच अर्थिंग किंवा एकच ५ व्होल्टची लाइन. ही लाइन अनेकदा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेली असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळेच चुकीचे सांगू लागतात. ‘पी ०६४१’ हा कोड याच लाइनकडे बोट दाखवतो. एकेक कपलर काढत जायचे. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. सगळे काढूनही परत आले नाहीत तर वायर तपासायची. ईसीएमवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी.

मग सेन्सर खराब होतच नाहीत का?

होतात. क्रँकशाफ्ट सेन्सर तापल्यावर बंद पडण्याचा प्रकार परिचित आहे. गाडी घाटात किंवा वाहतूक कोंडीत अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर मुकाट सुरू होते. भर रस्त्यात हे धोकादायक असल्याने टाळाटाळ करू नये. ऑक्सिजन सेन्सर वयाने मंदावतो आणि त्याचा हीटर जळतो. हवेचा सेन्सर धुळीने मळतो, पण तो योग्य स्प्रेने साफ करूनही पुन्हा चालू शकतो. वायरिंग ठीक असल्याचे मोजून सिद्ध झाल्यावरच सेन्सर बदलावा, एवढाच मुद्दा आहे.

मोबाइलला जोडण्याचे स्कॅनर उपयोगाचे आहेत का?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइल ॲप यांनी इंजिनाचे कोड आणि चालू वाचन पाहता येते. कोडची नोंद ठेवण्यासाठी ते पुरेसे आहे. मात्र स्वस्त उपकरणे एअरबॅग, एबीएस यांचे कोड सहसा वाचत नाहीत. गाडी उभी असताना उपकरण काढून ठेवावे, नाहीतर बॅटरी उतरू शकते.

वापरलेली गाडी घेतानाही याचा उपयोग होतो. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ तपासावे. बहुतांश चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. अशी गाडी आणखी चालवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

घरी काय करू नये आणि गॅरेजमध्ये काय विचारावे?

पिवळ्या कपलरच्या एअरबॅग वायरना आणि हायब्रीड गाडीतील नारिंगी केबलना हात लावू नये. ईसीएमच्या वायरवर बल्बचा टेस्टर वापरू नये. तो जास्त वीज खेचून सर्किट जाळू शकतो. वायरचे आवरण सुईने टोचू नये, त्या छिद्रातून पुढे ओल शिरते.

गॅरेजमध्ये चार प्रश्न पुरेसे आहेत. कोड कोणता आणि फ्रीझ फ्रेममध्ये काय होते? कपलर उघडून पाहिला का? वीजपुरवठा आणि अर्थिंग मोजले का, आकडे किती आले? सेन्सर बदलूनही दिवा लागला तर पैशांचे काय? जुना भाग परत मागावा आणि बिलावर कोडची नोंद करून घ्यावी. मोजणीसाठी तासाभराची मजुरी द्यावी लागली तरी ती देण्यास कुरकुर करू नये. अंदाजाने बदललेल्या एका सेन्सरपेक्षा ती बहुधा स्वस्तच पडते.