न्यूग्रेंज: दारावरचा झरोका
आयर्लंडमध्ये राहत असाल, तर डिसेंबरचा अंधार तुम्हाला नवा नाही. बॉइन नदीजवळच्या न्यूग्रेंज या महापाषाणी थडग्यात मात्र वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, आभाळ निरभ्र असेल तर, सूर्योदयानंतर सुमारे १७ मिनिटं उजेड असतो. हे थडगं इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं.

हा योगायोग असेल का? बांधकाम पाहा. १९ मीटरचा बोळ आत चढत जातो. दालनाची जमीन दारापेक्षा सुमारे २ मीटर उंच आहे, त्यामुळे दारातून शिरलेला उजेड वाटेतच अडतो. दालन गाठतो तो दारावर मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातला किरण. १९६७ साली पुरातत्त्वज्ञ मायकल ओ'केली यांनी आत थांबून हे स्वतः पाहिलं.

वर्षभर थांबून सूर्य पाहिल्याशिवाय असा झरोका ठेवता येत नाही!